घरचं उष्टं

हरिबाचा गळा धरला तो सोमवारी. आता दुखण्याला काय वार कळतो! पण गिरणीच्या माणसानं सोमवारी आजारी पडू नये, एवढं कुंभारी गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. रविवारची सुट्टी खाल्ली आणि वर सोमवारी दांडी मारली, की तो माणूस मुकादमाच्या मनातून उतरलाच म्हणायचा. तेव्हा हरिबा उठला. आवंढा गिळला, तसा घशात बाभळीचा काटा आडवा झाल्यासारखं वाटलं.

त्याची बायको कस्तुराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान न वळवताच विचारलं, "काय वं, दुकतंय काय?"

"न्हाय. गार पाणी बाधलं जरा."

"मग ऱ्हावा की आजच्या दिस घरी."

"आन साचं कोण चालिवणार? तुजा बाप?"

बाप मरून सहा वर्षं झाली होती. कस्तुराबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला.

कोपऱ्यात तिचा भाऊ धुळा घोंगडं खांद्यावर टाकून तयार बसला होता. धुळा वळसंगचा. मेंढरामागं हिंडून वाढलेला, बावीस वर्षांचा, अंगानं उंचापुरा. आवाज असा की एका टेकडीवरनं हाळी दिली तर दुसऱ्या टेकडीवरचं मेंढरू मान वर करायचं. चारा तुटला, निम्मा कळप विकावा लागला, तशी आईनं, गोजाबाईनं, त्याला गेल्या शिमग्याला बहिणीकडं धाडलं होतं. आता पौष चालला होता. एवढ्या दिवसांत दाजीच्या मागं उभं राहून तो साचा, म्हणजे गिरणीतला माग, चालवायला शिकला. पण स्वतःचा साचा त्याला नव्हता. तो बदलीवाला. रोज गिरणीच्या दारात उभं राहायचं, आत कुणाची जागा रिकामी पडली तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर अडीच कोस परत.

दोघं निघाले. थंडी मी म्हणत होती. हरिबाच्या अंगात कणकण होती, पावलं जड पडत होती. धुळ्यानं आपलं घोंगडं काढून त्याच्या अंगावर टाकलं.

"दाजी, आज माज्या अंगावर टाका की साचं. तुमी माघारी फिरा."

"गप चल. एकडाव जागा मोकळी दिसली की गेली. डोळं लावून बसल्यात समदी."

हे मात्र खरं होतं. पाऊस रुसला होता, आणि तालुक्यातला जो तो कुळव आढ्याला टांगून गिरणीच्या दारात येऊन उभा राहत होता. लागोपाठ तीन दिवस माणूस दिसला नाही, की चौथ्या दिवशी साचा दुसऱ्याचा. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजही नव्हती.

दारात दीडशे बदलीवाले आणि त्यांच्यापुढं एका खोक्यावर उभा राहिलेला युनियनचा माणूस. चष्मेवाला. तो घसा खरवडून सांगत होता की आजारी कामगाराला भरपगारी रजा मिळाली पाहिजे, बरा होईपर्यंत त्याची जागा राखून ठेवली पाहिजे. त्यात त्या एकट्याचंच नाही, सगळ्यांचं भलं आहे.

लोक हसले. हरिबाही घसा दुखत असताना हसला. "घरी निजून पगार? गिरणी काय सासुरवाडी हाय व्हय?"

त्यावर आणखी हशा झाला. एकटा धुळा हसला नाही. तो आपल्या साध्या स्वभावानं म्हणाला, "त्यात हसायचं काय दाजी? बिमार मेंढराला आपण येगळं बांदतोच की. त्याचा पाला त्याला तितंच नेऊन देतो. रानात गेलं न्हाय म्हून उपाशी मारत न्हाय."

"तू मेंढरात शिकलास, तितंच ऱ्हा," शेजारी उभा असलेला शंकरप्पा म्हणाला. शंकरप्पाचे दोन साचे हरिबाच्या दोन साच्यांना लागून होते. माणूस तोंडाचा फाटका, पण मनाचा बरा. भोंगा झाला आणि हरिबा-शंकरप्पा आत गेले. धुळ्याला त्या दिवशी काम लागलं नाही.

विणाईखात्यात दोनशे साच्यांचा खडखडाट असा, की कानाला तोंड लावल्याशिवाय बोलणं नाही. हवेत कापसाची भुकटी. धोटा ताण्याच्या उभ्या दोऱ्यांतून इकडून तिकडं धावतो. त्याच्या पोटातली सुताची कांडी संपली की साचा थांबवायचा, नवी कांडी बसवायची, आणि धोट्याच्या कुशीला बारीक भोक असतं त्यावर ओठ टेकून श्वास आत ओढायचा. फटकन दोऱ्याचं टोक तोंडात येतं. त्याच्याबरोबर थोडी भुकटी, थोडं तेल. असं दिवसातून दोनशे-अडीचशे वेळा. विणकराचे पुढचे दात त्यानं काळे पडायचे.

या धोट्याचं सोवळं मोठं कडक. दुसऱ्याचा धोटा म्हणजे दुसऱ्याचं उष्टं. गावकुसाबाहेरच्या माणसांना सूतखात्यात काम मिळे, पण विणाईखात्याचा उंबरा त्यांना बंद, तो या धोट्यापायीच. मालकानं एकदा चार माणसं घालून पाहिली, तर सगळं खातं साचे सोडून अंगणात येऊन बसलं होतं. हरिबा त्यात पुढं होता. तेव्हापासून तो आपले चार धोटे साच्यावर ठेवत नसे. रोज पिशवीत घालून घरी नेई, आणि पहारेकरीही ते जाणून होता. एवढी राखण केल्यावर धोट्यातून काही वाईट तोंडात जाईल, हे कुणाच्या स्वप्नात आलं नसतं.

मंगळवारी दुपारी हरिबाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यानं साच्याचा दांडा धरला म्हणून पडला नाही. तो मुकादमापुढं जाऊन उभा राहिला. मुकादम शिवलिंगप्पा स्टुलावर बसून सुपारी कातरत होता.

"एनप्पा? काय पायजे?"

"मुकादम, ताप हाय. चार दिस रजा द्या."

"घे की. कोण नको म्हणतंय?" शिवलिंगप्पानं दाराकडं अडकित्ता दाखवला. "दीडशे जण हैत भायेर. साचं काय बिनमाणसाचं ऱ्हाणार न्हाईत."

हरिबाला गिळता येत नव्हतं, म्हणून तोंडात पाणी साचत होतं. "माजा मेव्हणा हाय, धुळा. त्याला हुबा करा. साचं माज्याच नावावर ऱ्हाऊ द्या. तो एक दिस चुकायचा न्हाय."

मुकादमानं सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाला, "त्या धनगराच्या खांद्यावर घोंगडं असतंय काळं. चांगलं दिसतंय. थंडी लई हाय औंदा."

आता यापुढं काय बोलायचं? संध्याकाळी दारात हरिबानं सांगताच धुळ्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, घडी केली आणि मुकादमाच्या हातात दिलं. ते गोजाबाईनं स्वतःच्या हातानं कातलेल्या लोकरीचं होतं. "पुन्ना आई करील की," तो बहिणीला म्हणाला, आणि विषय संपवला.

बुधवारी पहाटे हरिबा गोधडीतून उठून बसला. चुलीजवळची पिशवी त्यानं धुळ्यापुढं केली.

"हे माजं धोटं. हेच वापर. मुकादमाकडं मागशील तर कुणाच्या तरी तोंडातलं हातात दील. कोण कुठला, काय सांगावं!"

धुळ्यानं एक धोटा हातात घेऊन फिरवला. ओठ टेकून टेकून भोकाभोवतीचं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"तुमचं उष्टं हुतंय की दाजी."

"घरचं उष्टं ते. त्याला कसला बाट?"

"एका ताटात जेवता की दोघं," कस्तुराबाई म्हणाली आणि तिनं भावाच्या हातात भाकरीचं फडकं दिलं.

धुळा पिशवी घेऊन निघाला. घोंगड्याशिवाय त्याचा खांदा मोकळा मोकळा दिसत होता. साचा मिळाला याचा आनंद मात्र त्याच्या चालीत होता. तो गात गेला.

हरिबा निजून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याच्या वेळी तो गोधडीत होता, आणि त्यात त्याला सुख वाटलं नाही. सारखं वाटायचं, पोरगं दणकट आहे, कापड बरं काढील, मुकादम म्हणेल हाच बरा. स्वतःच्या मेव्हण्याबद्दल असं मनात येतं म्हणून त्याला लाजही वाटायची. कस्तुराबाई सुंठ उगाळून द्यायची, हळदीचं दूध द्यायची, गळ्याला राखेची पुरचुंडी बांधायची. घशातून पांढरं पांढरं काही खाकरून पडायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला. सोमवारी त्यानं भाकरी कुस्करून खाल्ली. पण चार पावलं चाललं की छाती धाडधाड करायची.

त्याच सोमवारी धुळा संध्याकाळी आला आणि पाणी मागून घेऊन बसून राहिला. पाणी प्यालाच नाही.

"जेव की," बहीण म्हणाली.

"दारात शेंगा खाल्ल्या अक्का. भूक न्हाय."

मंगळवारीही तेच. हरिबा बघत होता. पोराचा आवाज बसला होता. आवंढा गिळताना मान पुढं ताणत होता. ती मान ताणणं हरिबाला चांगलं ओळखीचं होतं. आठ दिवसांपूर्वी तो स्वतः तसंच करत होता.

बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर त्यानं विचारलंच. "घसा धरलाय व्हय रं?"

"जरासा. तुमाला व्हता तसाच. जातोय की."

"उद्या जाशील न्हवं?"

धुळ्यानं त्याच्याकडं पाहिलं. पोरगं काही मागत नव्हतं, पण दाजी काय म्हणतो ते ऐकायला थांबलं होतं. हरिबाच्या मनात आलं, ऱ्हा म्हणावं. मग मनात आलं, उद्या साचे रिकामे राहिले तर मुकादमाला निमित्तच मिळेल. आठ दिवस राखलेली जागा एका दिवसासाठी घालवायची?

"उद्याचा एक दिस काड," तो म्हणाला. "परवापासनं मी येतो."

"काडतो की," धुळा म्हणाला.

गुरुवारी दुपारी बैलगाडी दारात आली. गाडीत शंकरप्पा बसला होता आणि त्याच्या मांडीवर धुळ्याचं डोकं होतं. मान बैलाच्या वशिंडासारखी सुजलेली. श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज यायचा.

"साच्याफुडंच पडला," शंकरप्पा म्हणाला. "मुकादम म्हणला भायेर काडा. म्या अर्धा दिस बुडवून आणलाय बाबा, काय तरी करा."

तीच गाडी माघारी वळवून त्यांनी त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं चमच्यानं जीभ दाबून आत बघितलं आणि लगेच तोंडावर रुमाल धरला.

"घटसर्प आहे. किती दिवस झाले?"

"तीन-चार."

"तीन-चार दिवस काय करत होता? याच्या विषावर उताऱ्याची सुई असते, पण ती पहिल्या-दुसऱ्या दिवशी द्यायची." डॉक्टरनं सुई भरायला सांगितली आणि तो हरिबाकडं वळला. "घरात आधी कुणाला झाला होता? गळा, ताप? एका भांड्यातलं पाणी, एकाची विडी दुसऱ्यानं ओढलेली, असं काही? एकाच्या तोंडातनं दुसऱ्याच्या तोंडात जातो हा रोग. असेल त्याचं नाव सांगा. त्याला पंधरा दिवस माणसांत जाऊ द्यायचं नाही."

एकाच्या तोंडातनं दुसऱ्याच्या तोंडात. हरिबाच्या काखेला पिशवी होती. धुळ्याबरोबर शंकरप्पानं तीही आणून दिली होती. धोटे एकमेकांवर वाजले. पंधरा दिवस.

"कुणालाच न्हाय," हरिबा म्हणाला.

शुक्रवारी डॉक्टरनं दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत धुळ्याजवळ कुणाला जाऊ दिलं नाही. शनिवारी सकाळी वळसंगहून गोजाबाई आली तेव्हा धुळा गेलेला होता.

माती झाली. घरी आल्यावर गोजाबाई भिंतीला टेकून बसली. तिनं रडून घेतलं होतं. आता ती घरभर बघत होती.

"कस्तुरे, त्याचं घोंगडं कुटं हाय? उगंच पांदरं कापड टाकलंस त्याच्यावर. त्याचं घोंगडं टाकायचं हुतं."

कस्तुराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. हरिबानं खाली बघत सांगितलं, "मुकादमाला दिलं."

"का?"

मग त्याला सगळंच सांगावं लागलं. सांगायला लागल्यावर मधे थांबता येईना. "मामी, आदी मलाच झालं हुतं. साचा जाईल म्हून धुळ्याला हुबा केला. धोटं माजं हुतं, माज्या तोंडातलं. डागदरनं इचारलं तर म्या खोटं बोललो. आन बुदवारी मला कळलं हुतं, तरी म्या त्याला धाडला."

कस्तुराबाई उठली आणि परड्यात निघून गेली. तिचा हुंदका भिंतीपलीकडून ऐकू आला. गोजाबाई मात्र रडली नाही. तिनं नखानं जमिनीचा पोपडा काढला.

"जावाई, आमी अडाणी माणसं," ती म्हणाली. "पर एक मेंढरू नाक गाळाय लागलं, तर त्याला कळपाच्या वाघरीभायेर काडतो. त्याच्या तोंडाचं पानी दुसऱ्या मेंढराला दावत न्हाय. तुमाला एवडं ठावं हुतं. तुमी धनगराच्या पोटचं हाय."

"व्हय मामी."

"मग?"

रविवार तसाच गेला, चूल पेटली नाही.

सोमवारी धुळ्याचा तिसरा दिवस. आणि गिरणीतल्या गैरहजेरीचाही तोच तिसरा. शुक्रवार आणि शनिवार साच्यापुढं घरचं कुणी उभं राहिलेलं नव्हतं. गोजाबाई आणि कस्तुराबाई निवद घेऊन मातीकडं निघाल्या. हरिबा पिशवी काखेला मारून गिरणीकडं निघाला. बायकोनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आलास? बरं झालं," शिवलिंगप्पा म्हणाला. "आज नसतास तर गेलंच हुतं साचं. मेव्हण्याचं कळलं. वाईट झालं." तो स्टुलावर बसला होता, आणि स्टुलावर काळ्या घोंगड्याची चौपदरी घडी होती.

हरिबा साच्यापुढं गेला. दांडा ओढला. साचा चालू झाला, आणि हाताला सवयीचा धक्का बसला तसं त्याला, काय सांगावं, क्षणभर बरं वाटलं. जागा राहिली होती. पहिली कांडी संपली. त्यानं नवी बसवली, धोटा तोंडाजवळ नेला आणि तो तसाच धरून राहिला. धुळ्याचे ओठ शेवटी टेकले होते ते इथंच.

शेजारी शंकरप्पानं गळ्याला फडकं गुंडाळलं होतं. हरिबानं त्याच्या कानाला तोंड लावलं. "काय झालं रं?"

"काय न्हाय. कालपासनं घसा धरलाय जरा." शंकरप्पानं मान ताणून आवंढा गिळला आणि आपला धोटा ओठाला लावला.

हरिबानं त्याचा हात धरला. दुसऱ्या हातानं त्याचे दोन्ही साचे थांबवले, मग स्वतःचे. दोनशेत चार साचे गप झाले, ते मुकादमाला बसल्या जागी कळलं. तो ओरडत आला.

"मुकादम," हरिबा म्हणाला, आणि एवढ्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून त्याला ओरडूनच सांगावं लागलं, "धुळा घटसर्पानं गेला. त्याच्या आदी मला झाला हुता, त्याला माज्या धोट्यातनं लागला. आता शंकरप्पाला झालाय. त्याला रजा द्या. मलाबी डागदरनं पंदरा दिस—"

शिवलिंगप्पा दोन पावलं मागं सरला. मग मागं वळून त्यानं स्टुलावरचं घोंगडं अडकित्त्याच्या टोकानं खाली ढकललं. "भायेर! दोघंबी भायेर! बिल्लं ठेवा हितं!"

हरिबानं आपले धोटे पिशवीत टाकले आणि जाता जाता घोंगडं उचलून घेतलं. कुणी अडवलं नाही.

दाराबाहेर आल्यावर शंकरप्पानं त्याची गचांडी धरली. "तुजा साचा गेला तर गेला, माजा का घालवलास रं? तुजं काय केलतं म्या? तुज्या मेव्हण्याला मांडीवर घेऊन आलो, त्याचं हे दिलंस व्हय? घरात सहा तोंडं हैत माज्या!"

हरिबानं गचांडी सोडवली नाही. "डागदराकडं चल," तो म्हणाला. "आज दुसरा दिस हाय. आज सुई दिली तर जगतोस."

"जगून काय खाऊ?"

एवढ्यात पहारेकऱ्यानं दोन बोटं वर केली. बदलीवाल्यांची गर्दी उसळली आणि त्यातली पुढची दोघं दाराकडं धावली. त्यांच्या तोंडावर तसाच आनंद होता, जसा त्या बुधवारी धुळ्याच्या चालीत होता.

हरिबाच्या काखेत पिशवी वाजली. चार धोटे. ते त्याचे.

"शंकरप्पा, तुजं धोटं कुटं हायती?"

"साच्यावरच की. आता काय डोक्यावर घेऊ?"

हरिबा दाराकडं धावला. छाती धाडधाड करत होती. "ए! थांबा! साच्यावरच्या धोट्याला तोंड लावू नगा!"

मागचा बदलीवाला उंबऱ्यात थबकला. वळसंगकडचाच कुणी शेतकरी होता, नुकतीच मिसरूड फुटलेला. त्याच्या तोंडावरचा आनंद उतरला. "का वं? बाटलाय काय? कुनी भलत्या जातीचा हुता का साच्यावर?"

"न्हाय रं. आमच्या शंकरप्पाचा हाय तो. पर त्याला—"

"मग काय तर!" पोराचा जीव भांड्यात पडला. "म्या भ्यालो की वो उगंच." आणि हसत हसत तो आत पळाला.

पहारेकऱ्यानं दार लावून घेतलं.